अस्सलबरहुकूम: नकलेच्या इतिहासातील दोन सह्या

एखाद्या जुन्या फेरफाराची किंवा निकालपत्राची नक्कल कचेरीतून आणली की आपण आपल्याला हवा तेवढा मजकूर वाचतो आणि कागद जपून ठेवतो. तिच्या तळाशी किंवा पाठीवर असलेल्या शिक्क्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या शिक्क्यात अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, ती दिल्याची तारीख आणि फीची रक्कम यांच्या जोडीने दोन सह्यांसाठी जागा असते. एक नक्कल तयार करणाराची, दुसरी रुजुवात घेणाराची. हाताने उतरून काढलेली नक्कल आता जवळपास दिसेनाशी झाली आहे. नक्कल तयार करणे म्हणजे बहुतेक ठिकाणी कागद काचेवर ठेवून कळ दाबणे. मग रुजुवात कशाची घ्यायची, हे सांगणेही कठीण झाले आहे. तरीही त्या दोन जागा शिक्क्यात टिकून राहिल्या आहेत.

प्रती काढण्याच्या इतिहासाकडे बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून पाहिले जाते. आम्हांला मात्र असे वाटते की या इतिहासाला दोन वेगळे प्रश्न विचारावयास हवेत. अस्सल कागद कोणाच्या हाती होता? आणि त्याची नक्कल होत असताना तो कोणी वाचला? यंत्रांची नावे व सनावळ्या या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने पाहिल्या तरच त्यांना काही अर्थ येतो.

आरंभ शब्दांपासून करू. ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन्ही शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने दफ्तरी मराठीत आलेले. ‘अस्ल’ म्हणजे मूळ, आणि ‘नक्ल’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. म्हणजे नक्कल हा मुळात स्थलांतराचा शब्द आहे. मजकूर एका कागदावरून उचलून दुसऱ्या कागदावर नेऊन ठेवायचा. नकलाकाराची नक्कल, परीक्षेतील नक्कल या अर्थांनी त्याला आलेला हिणकसपणा कचेरीतील नकलेला कधी चिकटला नाही. तेथे ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे म्हटले की कागदाला वजन येई. ‘तालीक’, ‘प्रत’, ‘उतारा’ हे त्याच कुळातले शब्द. यांपैकी ‘उतारा’ हा आजही महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. सातबाराचा उतारा ही गावच्या दफ्तरातील नमुना सात व नमुना बारा यांची नक्कलच होय.

यंत्रे येण्यापूर्वी प्रत करणे हे वाचनाचेच एक रूप होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. समर्थांनी त्यात अक्षराचे वळण, दोन ओळींमधील अंतर, समास, शाई, कागद यांचा इतका बारकाईने विचार केला आहे की एखाद्या कारखान्याचे नियम वाचल्यासारखे वाटावे. पहिल्या अक्षरापासून अखेरपर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. तरुणपणी हौसेने काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, असा व्यवहारी इशाराही त्यांनी दिला आहे. प्रत करणारा हाच उद्याचा वाचक आहे, हे या सूचनेत गृहीत धरलेले आहे.

वाचणारा माणूस चुकतोही. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखकू सांगतो की समोर जसे दिसले तसे मी लिहिले, ते शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. प्रतीवरून प्रत होता होता मजकूर कसा भ्रष्ट होतो याची जाण मराठीत जुनी आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठभेदांनी गढूळ झालेल्या प्रतींची शहानिशा करूनच. रुजुवात हा कचेरीतला शब्द. पण नाथांनी केले ते काम त्याच जातीचे होते.

आता कचेरीकडे वळू. मराठेशाहीतील इनामाच्या सनदांच्या शेवटी एक ठरावीक आज्ञा आढळते. अधिकाऱ्याला सांगितलेले असते की दरवर्षी नव्या पत्राचा उजूर करू नये. या पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धारकाला परत द्यावे. मोडी कागद वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ही आज्ञा इतकी सवयीची असते की तिचा अर्थ जाणवेनासा होतो. आमच्या मते नकलेच्या इतिहासातील हे एक मर्मस्थान आहे. येथे अस्सल कागद धारकाच्या घरी राहतो, आणि नक्कल सरकारच्या दफ्तरात जाते. सनदेची मूळ प्रत देव्हाऱ्याजवळच्या पेटीत, आणि कारकुनाने उतरून घेतलेली तालीक कचेरीच्या रुमालात बांधलेली, अशी ही व्यवस्था होती. ती सर्वांसाठी न्याय्य होती असे आम्हांला सुचवायचे नाही. सनद मिळणाऱ्यांचा वर्ग लहान होता आणि ज्यांच्या श्रमावर इनाम चाले त्यांच्या हाती कोणताच कागद नसे. पण ज्याचा हक्क त्याच्याकडे अस्सल, ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि धारकांनी दाखविलेल्या सनदा पेशव्यांच्या दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहिल्या जाऊ लागल्या. बनावट सनदाही होत्या, म्हणून हे ताडणे सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु त्यामुळे अस्सल आणि नक्कल यांच्या जागा उलटल्या. घरातला कागद संशयित ठरला आणि कचेरीतली नोंद प्रमाण झाली. अनेक इनामे या तपासणीत गेली. दक्षिण महाराष्ट्रात १८५७ च्या सुमारास जो असंतोष होता त्याच्या कारणांत इनाम कमिशनचा उल्लेख इतिहासकार करतात तो यामुळेच. तेव्हापासून नागरिक हा नकलेचा अर्जदार झाला. मूळ कागद कचेरीत, आणि त्याच्या हाती फी भरून मिळालेली नक्कल, ही आपल्या परिचयाची व्यवस्था अशी स्थिरावली.

या उलटापालटीची झळ इतिहाससंशोधनालाही लागली. पेशवे दफ्तर पुण्याच्या ‘एलिनेशन ऑफिस’मध्ये होते, जमीनमहसुलाच्या दाव्यांसाठी त्याचा उपयोग होई, पण अभ्यासकांना तेथे मुक्तद्वार नव्हते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून खाजगी घरांतील कागद मिळवीत आणि उतरून घेत राहिले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि खाजगी दफ्तरांना एक हक्काचे घर मिळाले. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंडांत छापले गेले ते १९३० नंतर. राजवाड्यांच्या हाताने झालेल्या नकला आणि सरदेसायांच्या देखरेखीखाली झालेल्या नकला यांत एक गोष्ट समान आहे. मोडीतला प्रत्येक शब्द कोणीतरी वाचून, उलगडून बालबोधीत लिहिला. नक्कल करणे आणि अर्थ लावणे ही तेथे एकच क्रिया होती.

यंत्राने नेमकी हीच जोडी फोडली. तिची सुरुवात वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅट यांच्यापासून होते. १७८० साली त्यांनी पत्रांच्या प्रती काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाब दिला की शाईचा अंश त्या कागदात उतरे. अक्षरे उलटी उमटत, पण कागद इतका पातळ असे की मागच्या बाजूने ती सुलटी वाचता येत. त्यानंतर १८०६ साली राल्फ वेजवुड यांनी कार्बन कागदाचे पेटंट घेतले. टाइपरायटर आल्यावर कार्बनला खरा जोडीदार मिळाला आणि एकाच ठोक्यात मूळ पत्र, त्याची दुय्यम प्रत आणि फायलीत लावायची स्थळप्रत अशी तीन अपत्ये जन्मू लागली. शेवटची प्रत वाचताना डोळे ताणावे लागत, ही वेगळी गोष्ट.

कायद्याने या यंत्रांची दखल चटकन घेतली. १८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम या दृष्टीने फार वाचनीय आहे. दुय्यम पुरावा म्हणजे काय हे सांगताना त्याच्या कलम ६३ मध्ये काही उदाहरणे दिली आहेत. नकलेवरून केलेली नक्कल नंतर अस्सलाशी ताडून पाहिली असेल तर ती दुय्यम पुरावा ठरते. तशी ताडलेली नसेल तर अस्सलाचा पुरावा ठरत नाही. येथे रुजुवातीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पण त्याच उदाहरणांत असेही म्हटले आहे की अस्सलाचे छायाचित्र हे ताडून पाहिलेले नसले तरी दुय्यम पुरावा होय. छायाचित्र ज्याचे घेतले ती वस्तू अस्सलच होती एवढे सिद्ध झाले की पुरे. नकला काढणाऱ्या यंत्राचाही तेथे उल्लेख आहे, आणि तो काळ पाहता वॅट यांच्या दाबयंत्राच्या कुळातलेच यंत्र नजरेसमोर असणार. माणसाने केलेली नक्कल ताडून पाहा, कारण माणूस चुकतो. यंत्राने केलेली ताडण्याची गरज नाही, कारण यंत्र फक्त उमटवते. हा विवेक दीडशे वर्षे टिकला, आणि १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही मूळ व दुय्यम पुराव्याचा भेद कायम आहे.

सायक्लोस्टाईलचे यंत्र या प्रवासातला मधला टप्पा. १८८१ साली डेव्हिड गेस्टेटनर यांनी त्याचे पेटंट घेतले. मेण लावलेल्या स्टेन्सिलवर टाइपरायटरची रिबन बाजूला सारून अक्षरे ठोकायची. खिळ्याच्या आघाताने मेण निघून अक्षराएवढी वाट मोकळी होई आणि रुळावरची शाई त्या वाटेने कागदावर उतरे. चुकलेल्या अक्षरावर लाल द्रव लावून तो वाळेपर्यंत फुंकर घालीत बसायचे. परिपत्रकांचे आणि प्रश्नपत्रिकांचे हे यंत्र कचेरीबाहेरही बरेच हिंडले. पन्नाशीच्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी काढलेले ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाईल केलेले होते. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात भूमिगत पत्रके याच यंत्रावर निघाली. पण स्टेन्सिल कापायला अजून माणूस लागत होता, आणि तो मजकूर वाचूनच टंकित करीत होता.

ही शेवटची गरजही ज्याने संपविली त्या चेस्टर कार्लसन यांची कथा रुजुवातीपासूनच सुरू होते. न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात ते काम करीत. पेटंटच्या कागदांच्या प्रती कधीच पुरेशा नसत. पुन्हा टंकित करायचे तर पुन्हा ताडून पाहावे लागे, आणि आकृत्या बाहेर पाठवून छायाचित्रित कराव्या लागत. अधू दृष्टी आणि संधिवात यांनी बेजार झालेल्या या माणसाला हे श्रम नकोसे झाले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात ओटो कोर्नेई या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी पहिली कोरडी प्रत काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला, काचेच्या पट्टीवर लिहिलेल्या अक्षरांतून त्यावर प्रकाश पाडला, बारीक भुकटी भुरभुरली, आणि मेणाच्या कागदावर तारीख व ठिकाण उमटले. अनेक मोठ्या कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. हॅलॉइड या लहानशा कंपनीने ती उचलली आणि १९५९ साली ‘झेरॉक्स ९१४’ बाजारात आणले. कोरडे लेखन अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घडवलेले हे नाव. भारतात १९८३ साली मोदी झेरॉक्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली, आणि पाहता पाहता ते नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. ‘छायाप्रत’ हा चांगला शब्द शासकीय पत्रांतच राहिला. न्यायालयांसमोरच्या आणि महाविद्यालयांच्या दारांतल्या टपऱ्यांवर लोक ‘झेरॉक्स’च काढू लागले.

येथे आमचे पहिले प्रतिपादन मांडतो. झेरॉक्सचे यंत्र वाचत नाही, आणि हेच त्याचे लोकशाहीला झालेले मोठे दान आहे. नक्कल लिहिणारा कारकून कागद वाचत असे, म्हणून कोणाला काय द्यावे, किती दिवसांनी द्यावे, याचा विचारही तो करू शके. यंत्राला असा विचार सुचत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा सरकारी कामांच्या नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. दुष्काळी कामांचे हजेरीपट, बिले आणि पावत्या यांच्या प्रती मिळाव्यात ही त्यांची मागणी होती. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले ते याच प्रश्नावर. शासन कागद पाहू द्यायला तयार होते, छायाप्रती द्यायला तयार नव्हते. पाहणे आणि प्रत घेणे यांत फरक काय, असे कोणी विचारील. पाहिलेला कागद उद्या बदलता येतो. घरी नेलेली प्रत बदलता येत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात प्रमाणित प्रती मिळविण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आला, त्यामागे हे धरणे आहे. सनदेच्या काळात हक्काचा कागद घरी असे तो मोजक्यांच्या. आता निदान त्याची प्रत तरी मजुराच्या घरी जाऊ शकली.

मात्र वाचणारा गेला तेव्हा विश्वासाची जागा रिकामी झाली, आणि ती शिक्क्याने भरून काढली. ‘साक्षांकित सत्यप्रत’ हा महाराष्ट्रातील तरुणांच्या आयुष्याचा कित्येक दशके एक भागच होता. राजपत्रित अधिकारी किंवा विशेष कार्यकारी अधिकारी गाठायचा, मूळ गुणपत्रिका दाखवायची आणि गठ्ठ्यावर शिक्के मारून घ्यायचे. ही रुजुवात प्रत्यक्षात दोन कागदांवरून फिरलेली एक नजर असे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने बहुतेक कामांसाठी स्वयंसाक्षांकन मान्य केले. त्याने लोकांचे हेलपाटे वाचले, हे निर्विवाद. परंतु रुजुवात घेणारा दुसरा माणूस त्या व्यवहारातून अधिकृतपणे बाहेर पडला.

यंत्र केवळ उमटवते, हा १८७२ चा विश्वासही पुढे डळमळला. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळले की झेरॉक्सच्या काही स्कॅनर-यंत्रांतून निघणाऱ्या प्रतींत आकडे बदलत आहेत. बांधकामाच्या एका नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे चुकीची उमटली होती. फाईल लहान करण्यासाठी हे यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकदाच साठवीत असे, आणि सहा व आठ त्याला कधी कधी सारखेच वाटत. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पण पोथीतल्या लेखकूची जुनी चूक यंत्रात परत आली होती, आणि तीही अधिक धोक्याच्या रूपात. कारण हात थरथरल्याची खूण हस्ताक्षरात दिसते, येथे चुकलेला आकडाही स्वच्छ आणि ठसठशीत होता.

दुसरे प्रतिपादन आमच्या व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दफ्तरे उघडली. शाळांची जनरल रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली कागद यांची पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. यंत्रांनी आपले काम झपाट्याने केले. पुढचे काम मात्र अडले ते मोडी वाचणाऱ्या माणसांपाशी. पडद्यावर पान स्वच्छ दिसत होते. आपल्या पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे ज्याला जाणून घ्यायचे होते त्याला ते वाचता येत नव्हते. ज्या लिपीत या प्रदेशाचा कारभार शतकानुशतके चालला, ती विसाव्या शतकाच्या मध्यात शाळेतून आणि कचेरीतून गेली, आणि तिचे वाचक बोटांवर मोजण्याइतके उरले. एका आरक्षणाच्या प्रश्नाने ही उणीव चव्हाट्यावर आणली. त्या प्रश्नाच्या बाजू कोणत्याही असोत, कागदाचा अर्थ लावणाऱ्यावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

वर्गातही आम्हांला याचेच लहान रूप दिसते. ग्रंथालयातील संदर्भग्रंथाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले की विद्यार्थ्याला ते पुस्तक आपल्याजवळ असल्याचे समाधान वाटते. पूर्वी वहीत उतारा लिहून घेताना निदान तेवढा उतारा तरी वाचला जाई. हाताने लिहिण्याकडे परतावे, असे सांगण्याइतके आम्ही भाबडे नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी पुस्तके नाहीत त्याला झेरॉक्सने आणि मोबाईलने दिलेले बळ आम्ही जवळून पाहिले आहे.

आता अस्सल आणि नक्कल यांचे नाते पुन्हा बदलते आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याच्या कितीही प्रती काढल्या तरी प्रत्येक सारखीच. खरेखोटे ठरते ते पडताळणी क्रमांकावरून. नोंद सर्व्हरवर आहे, आणि क्रमांक जुळला की कागद खरा. पण मुळातली नोंदच चुकीची टंकित झाली असेल, तर क्रमांक तरीही जुळतो. ती चूक सापडते ती फक्त कोणी जुना फेरफार आणि नवा उतारा शेजारी ठेवून, बोट फिरवीत, ओळीला ओळ लावून वाचतो तेव्हा. शिक्क्यातली पहिली सही यंत्राकडे गेली, याचे दुःख मानण्याचे कारण नाही. दुसरी सही कोणाची, हा प्रश्न मात्र आमच्या विद्यापीठांनी, अभिलेखागारांनी आणि कचेऱ्यांनी मिळून सोडवावयाचा आहे. आणि त्याची सुरुवात मराठी एम.ए.च्या अभ्यासक्रमात मोडीचे वाचन आणि पाठचिकित्सा यांना सक्तीची जागा देण्यापासून करता येईल.